कवीचा दिवस

प्रत्येक राष्ट्राचें पंचांग नीट वाचलें तर तें राष्ट्र कोणास मानतें हें कळून येतें. कोणत्या दिवशीं कचेऱ्या बंद ठेवावयाच्या, कोणत्या दिवशीं तोफा उडवावयाच्या, आणि कोणत्या दिवशीं नुसता एक हार घालून पुन्हां कामास लागावयाचें, हे निर्णय वरवर पाहतां क्षुल्लक वाटतात. परंतु ते घेतांना त्या राष्ट्रानें आपल्या मानकऱ्यांचा क्रमच लावून दिलेला असतो. बहुतेक देशांत पहिला मान देवादिकांचा व साधुसंतांचा. त्यानंतर राजे, सेनापति, लढाया, तह, राज्यक्रांत्या आणि स्वातंत्र्यप्राप्ति. या थोर मंडळींच्या गर्दींत क्वचित् एखादा कविहि अंग चोरून उभा असलेला दिसतो. त्याच्या पाठीमागें सैन्य नसतें, संप्रदाय नसतो, आणि हयातींत त्याला बहुधा धड पोटभर अन्नहि मिळालेलें नसतें. असा मनुष्य राष्ट्राच्या पंचांगांत शिरतो कसा, आणि एकदां शिरल्यावर त्याच्या कवितेचें काय होतें, याचा थोडा विचार करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाहीं. देवाचा उत्सव करणाऱ्यानें देवाचें चरित्र वाचलेंच पाहिजे असें नाहीं. त्यानें दिवा लावला, नैवेद्य दाखविला, तरी उत्सव पुरा होतो. सेनापतीच्या दिवशीं त्याच्या लढाईचा नकाशा कोणी पाहत नाहीं, म्हणून त्याच्या विजयास बाध येत नाहीं. कवीची गोष्ट निराळी आहे. शब्दांवांचून त्याच्यापाशीं दुसरें कांहींच नसतें. ते शब्द बाजूस ठेवून त्याचा सत्कार केला तर तो सत्कार झाला कोणाचा? शिवाय खरा कवि आपल्या समाजाचा केवळ स्तुतिपाठक कधींच नसतो. ज्यांना तो प्रिय होतो त्यांनाच केव्हां ना केव्हां तो टोचून बोललेला असतो. म्हणून कवीच्या दिवसाची परीक्षा करण्यास मी एकच कसोटी मानतों: उत्सव करणारांस अडचणीचें वाटेल असें जें त्यानें लिहून ठेविलें आहे, तें त्या दिवशीं वाचलें जातें कीं झांकून ठेवलें जातें?

प्रथम तिथीचाच विचार करूं. कवीचा दिवस ठरवावयाचा म्हणजे जन्मतिथि किंवा मृत्युतिथि पाहिजे, आणि जुन्या कवींच्या बाबतींत नेमकी तीच नीट सांपडत नाहीं. २३ एप्रिल हा दिवस युनेस्कोनें १९९५ मध्यें जागतिक ग्रंथदिन म्हणून ठरविला. शेक्सपियर व सर्व्हान्टिस हे दोघेहि १६१६ सालीं त्याच तारखेस वारले असें त्याच्या समर्थनार्थ मोठ्या कौतुकानें सांगितलें जातें. पण त्या वेळीं इंग्लंडांत जुनें पंचांग चालू होतें व स्पेनमध्यें नवें. दोहोंत दहा दिवसांचें अंतर होतें. म्हणजे इंग्लंडांतील २३ एप्रिल ही स्पेनमधील ३ मे होय! त्यांतहि सर्व्हान्टिस वारला तो २२ तारखेस. २३ ही त्याच्या दफनाची तारीख. वास्तविक या दिवसाचें मूळ अधिक व्यावहारिक आहे. व्हिसेंत क्लाव्हेल या प्रकाशकाच्या सूचनेवरून स्पेनमध्यें १९२६ पासून ७ ऑक्टोबरास ग्रंथदिन पाळूं लागले, आणि १९३० पासून तो २३ एप्रिलास आणला. कॅटलोनियांत त्याच दिवशीं संत जॉर्जचा सण येतो. त्या सणास गुलाब देण्याची चाल जुनीच होती. तिला पुस्तकाची जोड मिळाली, आणि आज बार्सिलोनाचे रस्ते त्या दिवशीं पुस्तकांच्या व गुलाबांच्या मांडवांनीं भरून जातात. तेथें त्या दिवशीं सुट्टी नाहीं, पण पुस्तकें मात्र विकत घेतलीं जातात! दुकानदाराच्या हिशेबांतून निघालेला हा दिवस पुष्कळ सरकारी दिवसांपेक्षां ग्रंथास अधिक मानवला आहे.

याहून मौजेची युक्ति आपल्याकडे कालिदासाच्या बाबतींत योजिली गेली. त्याचा जन्म कोठें झाला हें कोणासच ठाऊक नाहीं. तो कोणत्या शतकांत झाला याविषयींहि पंडितांचें एकमत नाहीं. तरीहि त्याचा दिवस पाळला जातो, आणि तो काढला आहे थेट 'मेघदूता'तून. रामगिरीवरच्या विरही यक्षास ज्या दिवशीं मेघ दिसला तो आषाढाचा पहिला दिवस, तोच कालिदासाचा दिवस. म. म. वा. वि. मिराशी यांनीं रामगिरि म्हणजे नागपूरजवळचें रामटेक असें प्रतिपादिलें, आणि तेथें कालिदासाचें स्मारकहि उभें आहे. पण खुद्द त्या श्लोकांतच पाठभेद आहे. कांहीं टीकाकार 'प्रथम' ऐवजीं 'प्रशम' असें वाचतात, म्हणजे पहिला दिवस नव्हे तर आषाढ संपण्याचा दिवस. विष्णु शेषशय्येवरून उठेल तेव्हां शाप सरेल, आणि त्यास चार महिने उरले आहेत, असें यक्षानेंच सांगितलें आहे. आषाढ शुद्ध प्रतिपदेपासून कार्तिकी एकादशीपर्यंत मोजलें तर चार महिन्यांवर दहा दिवस भरतात. मल्लिनाथानें 'प्रथम' हाच पाठ धरला, आणि उत्सवहि त्याच्याच बाजूनें गेला. एका अक्षराच्या पाठभेदावर सबंध दिवस अवलंबून असल्याचें दुसरें उदाहरण निदान मला तरी माहीत नाहीं.

डब्लिनच्या लोकांनींहि नकळत हीच युक्ति केली. जेम्स जॉइसची 'युलिसिस' ही कादंबरी १९२२ मध्यें प्रसिद्ध झाली. तिच्यांतील सर्व घडामोड १६ जून १९०४ या एका दिवसाभोंवतीं गुंफलेली आहे, आणि तो दिवस लेखकानें निवडला तो आपल्या भावी पत्नीबरोबर प्रथम फिरावयास गेल्याची आठवण म्हणून. १९५४ मध्यें या कल्पित दिवसास पन्नास वर्षें झालीं तेव्हां पॅट्रिक कॅव्हना, फ्लॅन ओब्रायन या नांवानें लिहिणारे ब्रायन ओ'नोलन आणि त्यांचे दोन-चार मित्र घोडागाड्या करून कादंबरींतील स्थळें पाहत निघाले, आणि सारी यात्रा पुरी होण्यापूर्वींच एका मद्यगृहांत विसावले. याच कॅव्हनानें त्यापूर्वीं एका कवितेंत जॉइसवर प्रबंध लिहून पदव्या मिळविणाऱ्या विद्वानांची यथेच्छ टिंगल केली होती, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आज तो दिवस प्रवाशांचा झाला आहे. जुन्या वेषांतील टोप्या, न्याहारीस कादंबरीच्या नायकाप्रमाणें तळलेलें काळीज-गुर्दें, असा थाट असतो. परंतु चौकांतून, पायऱ्यांवरून पुस्तक मोठ्यानें वाचण्याची चालहि आहे. आणि ज्या प्रकरणांत एक कडवा देशाभिमानी ज्यू नायकाच्या अंगावर धांवून जातो तें प्रकरण त्या पुस्तकांतून काढून टाकतां येत नाहीं. डब्लिनवासियांस तें ऐकावें लागतें, आणि ते ऐकतात.

या सर्वांत विचार करण्याजोगें उदाहरण मात्र पोर्तुगालचें आहे, आणि गोव्यामुळें तें आपणांस परकेंहि नाहीं. १० जून हा पोर्तुगालचा राष्ट्रीय दिन. त्या दिवशीं त्या देशाला स्वातंत्र्य मिळालें असें नाहीं, कीं एखादी मोठी लढाई जिंकली गेली असेंहि नाहीं. लुईश द कामोंइश हा कवि १५८० सालीं त्या तारखेस वारला असें मानलें जातें, एवढेंच. एका कवीच्या मृत्युतिथीस सगळ्या देशाच्या कचेऱ्या बंद राहतात हें ऐकून कोणाहि साहित्यभक्ताचें मन भरून यावें. पण जरा आंत शिरून पाहूं.

कामोंइश हा सरदारी घराण्यांतला पण कफल्लक शिपाई. आफ्रिकेंत लढतांना त्याचा एक डोळा गेला. लिस्बनमध्यें एका मारामारीवरून तुरुंगांत पडला, आणि माफी मिळतांच १५५३ मध्यें हिंदुस्थानास निघून गोव्यास उतरला. गोव्यावर त्याचें प्रेम बसलें असें म्हणवत नाहीं. तेथून लिहिलेल्या एका पत्रांत त्यानें त्या शहराला दुष्टांची आई व सज्जनांची सावत्र आई ठरविलें आहे. तरी त्याची पहिली छापील कविता गोव्यांतच निघाली. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा हिंदी औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्यें तेथें छापला गेला, त्याच्या आरंभीं ती आहे. या भूमींतली भाषा मात्र त्याच्या कानांत शिरलेली दिसत नाहीं. तो वारला त्याच्या आदल्याच वर्षीं गोव्यास उतरलेला इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स तिच्यांत इतका मुरला कीं त्याचें मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्यें रायतूर येथें छापून निघालें. एकाच किनाऱ्यावर आलेल्या या दोन परदेशी कवींची तुलना कोणी सविस्तर करील तर तो एक स्वतंत्र लेख होईल.

परतीच्या वाटेवर मोझांबिकमध्यें अन्नाला महाग होऊन पडलेला कामोंइश १५७० मध्यें लिस्बनला पोंचला. १५७२ मध्यें त्याचें 'ओस लुसियादस' हें दहा सर्गांचें महाकाव्य प्रसिद्ध झालें, आणि राजा सेबास्तियननें त्याला सालिना पंधरा हजार रेइसचें मामुली वेतन करून दिलें. १५७८ मध्यें तो तरुण राजा मोरोक्कोंतील लढाईंत मारला गेला; १५८० मध्यें कवि गेला; आणि त्याच वर्षीं राज्य स्पेनच्या फिलिपच्या हातीं गेलें. कवि आणि स्वातंत्र्य एकाच वर्षीं नाहींसें झाल्यामुळें पुढील पिढ्यांनीं त्याच्या मृत्यूला जो अर्थ चिकटविला तो समजण्यासारखा आहे.

काव्याचा विषय वास्को द गामाची १४९७ ची हिंदुस्थानची सफर. व्हीनस पोर्तुगीजांच्या बाजूची, बॅकस विरुद्ध. कारण हिंदुस्थान जिंकल्याची आपली जुनी कीर्ति हे दर्यावर्दी पुसून टाकतील अशी त्याला भीति. असा हा व्हर्जिलच्या वळणाचा डामडौल आहे, आणि त्यांत स्वराष्ट्राचा गर्व ओतप्रोत भरलेला आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. दहाव्या सर्गांत अल्बुकर्कनें गोवा घेतल्याची भविष्यवाणी वाचतांना आपल्याला जें वाटतें तें लिस्बनच्या वाचकाला वाटणार नाहीं. परंतु चौथ्या सर्गाच्या अखेरीस एक विलक्षण प्रसंग आहे. जहाजें निघावयाच्या बेतांत आहेत. किनाऱ्यावर आया-बायका रडत आहेत. तेवढ्यांत रेस्तेलोच्या पुळणीवर उभा असलेला एक म्हातारा मान हलवून बोलूं लागतो. कीर्ति कीर्ति म्हणून ज्याच्या मागें लागतां तो केवळ लोभ आहे. दाराशीं शत्रु असतां दूरचा शत्रु शोधावयास जातां. या नादानें घरें ओस पडतील, देश दुबळा होईल. ज्यानें पहिल्यानें लांकडावर शीड चढविलें त्याचें वाटोळें होवो! असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. ज्या सफरीचें गुणगान करावयास काव्य लिहिलें त्या सफरीलाच दिलेला हा शाप, आणि तोहि गामाच्याच तोंडून वदविलेला. कारण हा सर्व वृत्तांत मेलिंदच्या राजास गामाच सांगत आहे. त्या म्हाताऱ्यास काव्यांत कोणी उत्तर देत नाहीं; जहाजें निघून जातात, इतकेंच. हा प्रसंग म्हणजे कामोंइशच्या प्रतिभेचा सर्वांत मोठा पुरावा होय असें माझें मत आहे. दहाव्या सर्गाच्या शेवटीं तर कवि स्वतःच बोलतो: आपला आवाज बसला तो गाऊन नव्हे, बहिऱ्या व लोभांत बुडालेल्या लोकांपुढें गावें लागलें म्हणून!

आतां या कवीच्या दिवसाचा इतिहास पाहा. १८८० मध्यें त्याच्या मृत्यूची त्रिशताब्दी झाली. त्या उत्सवाचा मुख्य चालक तेओफिलो ब्रागा हा वाङ्मयेतिहासकार होता, आणि तो प्रजासत्ताकवादी होता. राजाला मागें सारून कवीच्या नांवानें जमलेली ती गर्दी म्हणजे राजसत्तेस दिलेला इशाराच होता. १९१० मध्यें राजसत्ता गेली आणि तोच ब्रागा हंगामी सरकारचा अध्यक्ष झाला. वाङ्मयाच्या प्राध्यापकांना असा दिवस क्वचितच पाहावयास मिळतो! पुढें सालाझारची हुकूमशाही आली. १९४४ च्या १० जूनला लिस्बनजवळच्या राष्ट्रीय क्रीडांगणाच्या उद्घाटनप्रसंगीं त्यानें त्या तारखेला 'वंशाचा दिवस' असें नांव दिलें. आफ्रिकेंतील वसाहतींत १९६१ पासून युद्ध पेटल्यावर तर १० जून हा लष्करी कवाइतीचा दिवस बनला. त्या दिवशीं लिस्बनच्या चौकांत शिपायांना पदकें देत, आणि जे परत आले नाहींत त्यांचीं पदकें त्यांच्या आईबापांच्या व विधवांच्या हातांत देत. किनाऱ्यावर रडणाऱ्या बायका, निघालेलीं जहाजें, आणि ओस पडणारा देश: चौथ्या सर्गांतील सारा देखावा त्या चौकांत उभा होता. नव्हता तो फक्त म्हातारा. तो पुस्तकांतच राहिला.

१९७४ च्या राज्यक्रांतीनंतर हा दिवस टाकून द्यावा कीं ठेवावा हा प्रश्न आला. १९७७ मध्यें ग्वार्दा येथील समारंभास, हुकूमशाहीमुळें परदेशीं राहिलेल्या जॉर्ज द सेना या कवि-टीकाकारास बोलाविलें. त्यानें तेथें कामोंइश हा सरकारांचा नसून छळ सोसलेल्या एका मनुष्याचा आवाज आहे अशी बाजू मांडली. १९७८ पासून दिवसाचें नांव 'पोर्तुगाल, कामोंइश व पोर्तुगीज समाज यांचा दिवस' असें आहे. नांव लांबलचक आणि कमिटीनें घडविल्यासारखें आहे खरें; पण 'वंशा'पेक्षां कवीचें नांव केव्हांहि बरें. गोव्यांत पोर्तुगीज अंमलाच्या अखेरच्या काळांत उभारलेला कामोंइशचा पुतळा आज जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व-संग्रहालयांत आहे. ज्यांच्यावर राज्य झालें त्यांनीं राज्यकर्त्यांच्या कवीस डोक्यावर घ्यावें असें कोणी म्हणणार नाहीं. पण रेस्तेलोचा म्हातारा हा आपल्याच बाजूचा साक्षीदार आहे, आणि तो शत्रूच्या गोटांतून आलेला असल्यामुळें त्याच्या साक्षीची किंमत अधिक आहे.

स्कॉटलंडच्या बर्न्सच्या दिवसाची तऱ्हा अगदीं वेगळी. २५ जानेवारी १७५९ हा त्याचा जन्मदिवस. त्या दिवशीं सरकारी सुट्टी नसते, आणि बहुधा म्हणूनच उत्सव अद्याप जिवंत आहे. १८०१ मध्यें, कवीच्या मृत्यूनंतर पांच वर्षांनीं, अ‍ॅलोवे येथील त्याच्या जन्माच्या झोंपडींत नऊ जण जेवावयास जमले. तेथून ही प्रथा सुरू झाली. मेंढीचें काळीज, यकृत व फुप्फुस बारीक चिरून ओटाच्या पिठांत मिसळून तिच्याच पोटाच्या पिशवींत शिजविलेला 'हॅगिस' हा पदार्थ वाजतगाजत पंगतींत आणतात. बर्न्सनें त्या पदार्थावर लिहिलेली कविता कोणीतरी ठसक्यांत म्हणतो, आणि ठराविक ओळीवर त्यांत सुरी खुपसतो. मग कवीच्या अमर स्मृतीवर एक भाषण, स्त्रियांविषयीं एक भाषण, त्यास स्त्रियांकडून उत्तर, आणि अखेरीस हातांत हात गुंफून गाणें. आपल्या सोंवळ्याच्या कल्पनेस हा देवकार्याचा प्रकार रुचावयाचा नाहीं! पण त्यांतली एक गोष्ट पाहण्यासारखी आहे: येथें कविता हाच मंत्र आहे. ती म्हटल्याशिवाय पान वाढलें जात नाहीं. ज्यानें वर्षभर पुस्तक हातीं धरलें नाहीं त्याच्या कानांवरूनहि त्या रात्रीं स्कॉट बोलींतल्या पन्नास-शंभर ओळी जातात.

मात्र ती 'अमर स्मृति' फार सोयीची असते. ह्यू मॅकडायर्मिडनें १९२६ च्या आपल्या दीर्घ काव्यांत, जगभर पसरलेल्या या मेजवान्यांची आणि ज्यांस बर्न्सचा एक शब्द कळत नाहीं अशा वक्त्यांची जी हजेरी घेतली आहे ती वाचावी. शेतकऱ्याचा पोर, प्रेमळ, रंगेल, समतेचा कैवारी, एवढेंच चित्र पंगतीस पुरतें. १७८६ मध्यें हाच बर्न्स गुलामांच्या मळ्यावर कारकुनी करण्यासाठीं जमैकास जावयास निघाला होता, आणि त्याच वर्षीं किल्मार्नक येथें छापलेल्या ६१२ प्रतींच्या पहिल्या संग्रहाचें अकल्पित स्वागत झालें म्हणूनच तो बेत राहिला, ही गोष्ट कालपरवांपर्यंत त्या भाषणांत येत नसे. आतां ती येऊं लागली आहे, आणि तिनें जेवण बेचव होतें अशी तक्रारहि ऐकूं येते. परंतु माझ्या कसोटीस उतरणारा एक प्रसंग स्कॉटलंडनेंच दाखविला. १ जुलै १९९९ रोजीं, जवळजवळ तीनशें वर्षांनंतर, एडिंबरोस स्कॉटलंडची पार्लमेंट पुन्हां भरली. राणी एलिझाबेथ समोर बसलेली. आणि एका गायिकेनें बर्न्सचें तें गाणें म्हटलें ज्यांत पदव्या म्हणजे नुसता शिक्का, माणूस हेंच सोनें, आणि मिरवणारा सरदार हा मूर्ख, असें सांगितलें आहे. शेवटच्या कडव्यास सारे सभासद उठून गाऊं लागले. राजाच्या तोंडावर कवीचें खरें बोलणें म्हटलें जावें आणि कोणाचें डोकें उडूं नये, हाच सुधारलेल्या राष्ट्राचा खरा सण.

रशियाचें उदाहरण याच्या उलट. पुश्किनचा जन्मदिवस, ६ जून, तेथें १९९७ पासून सरकारी रीतीनें पाळला जातो. पण त्याच्या नांवाचा सर्वांत मोठा उत्सव झाला तो १९३७ च्या फेब्रुवारींत, मृत्यूच्या शताब्दीस. मॉस्कोंतील दुसरा मोठा राजद्रोहाचा खटला संपून जेमतेम दहा दिवस झाले होते. गांवोगांव सभा, लाखांनीं प्रती, एका शहरास कवीचें नांव. आणि कवि कोण? तर ज्याचा परीक्षक खुद्द झार निकोलस होता. ज्याचें 'ब्राँझचा घोडेस्वार' हें काव्य, झारच्या आक्षेपांमुळें, हयातींत सबंध छापलें गेलें नाहीं. आणि ज्या काव्यांत एक गरीब कारकून राज्यसंस्थापकाच्या पुतळ्यापुढें मूठ उगारतो व पुतळा त्याच्या पाठीस लागतो. तें काव्य त्या वर्षीं वाचणारांपैकीं कित्येकांस रात्रीं टापांचा आवाज ऐकूं आला असेल.

बंगालमध्यें 'पंचविशे बैशाख' हा रवींद्रनाथांचा दिवस. तो मुख्यतः गाण्यांचा दिवस आहे, आणि म्हणून तो घरोघरचा आहे. त्याची धार मात्र पूर्व बंगालमध्यें कळून आली. १९६१ मध्यें जन्मशताब्दी आली तेव्हां पाकिस्तान सरकारला ती नको होती. डाक्क्याच्या लोकांनीं ती केली, आणि त्याच उत्साहांतून 'छायानट' ही संस्था निघाली. १९६७ मध्यें रवींद्रांचीं गाणीं रेडिओवरून बंद करण्याची भाषा सुरू झाली, आणि त्याच वर्षापासून रमना बागेंतील झाडाच्या पाराशीं वर्षप्रतिपदेच्या पहाटे तीं गाणीं सार्वजनिकरीत्या म्हणण्याचा प्रघात पडला. आज बांगलादेशांत तो सुट्टीचा सण आहे. गाणाऱ्यास धोका असतो तेव्हां उत्सवास भाषणें लागत नाहींत. तरी एक प्रश्न उरतोच. ज्या दोन राष्ट्रांनीं या कवीचीं गीतें राष्ट्रगीतें म्हणून स्वीकारलीं, त्यांपैकीं एकाच्या तरी सरकारी समारंभांत १९१७ मध्यें प्रसिद्ध झालेलीं त्याचीं राष्ट्रवादाविरुद्धचीं व्याख्यानें वाचलेलीं कोणी ऐकलीं आहेत काय?

आतां घराकडे वळूं. वि. वा. शिरवाडकर ऊर्फ कुसुमाग्रज यांचा २७ फेब्रुवारी हा जन्मदिवस महाराष्ट्र सरकारनें २०१३ पासून 'मराठी भाषा गौरव दिन' म्हणून पाळावयास घेतला. कवीच्या जन्मदिवशीं भाषेचा दिवस ही कल्पना नवी नाहीं; आइसलंडांत योनास हाल्ग्रिम्सन या कवीचा १६ नोव्हेंबर हा जन्मदिवस १९९६ पासून त्या भाषेचा दिवस म्हणून पाळतात. त्याच्या निवडीस एक कारण असेंहि सांगतां येईल कीं त्यानें ज्योतिःशास्त्राचा एक ग्रंथ आपल्या भाषेंत आणून तीस शास्त्रीय शब्द घडवून दिले. आपल्याकडे तर भाषेच्या दिवसांची रेलचेल आहे: १ मे हा राजभाषेचा, २७ फेब्रुवारी हा गौरवाचा, आणि २०२४ मध्यें केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून ३ ऑक्टोबर हाहि तिचाच. ग्रंथदिंडी निघते, लेझीम होतें, निबंधस्पर्धा होतात, आणि पाहुण्यांच्या गळ्यांत हार पडतात. यांत वाईट कांहींच नाहीं. पण कुसुमाग्रजांच्या वाट्यास त्या दिवशीं बहुधा एक तसबीर आणि शाळेच्या पुस्तकांतील एक-दोन कविता एवढेंच येतें. 'विशाखा' हा त्यांचा १९४२ मधील संग्रह कपाटांतच राहतो.

आणि ही निवड करतांना एक गोष्ट कोणाच्या ध्यानांत आली होती कीं नाहीं कोण जाणे. सत्कार-समारंभ या संस्थेवर मराठींत जें सर्वांत कठोर नाटक लिहिलें गेलें तें याच लेखकाचें आहे. 'नटसम्राट' १९७० मध्यें रंगभूमीवर आलें. त्यांत मुलांकडून बापाचा छळ, 'किंग लियर'ची छाया, नटाचें दुःख, हें सर्व आपण पाहतों व रडतों. पण नाटकाची सुरुवात कोठें होते हें विसरतों. ती होते गणपतराव बेलवलकरांच्या जाहीर सत्कारानें. हार, भाषणें, टाळ्या, सारें यथासांग. आणि त्या टाळ्यांच्या भरांतच म्हातारा आपलें सर्वस्व मुलांना वांटून टाकतो. पुढें मुलाच्या घरीं अपमान, मुलीच्या घरीं चोरीचा आळ, बायकोचा मृत्यु, आणि अखेरीस रस्ता. त्याला तेथें आसरा देतो तो बूटपॉलिश करणारा एक पोरगा. ज्यांनीं हार घातले त्यांच्यापैकीं कोणी नव्हे. ज्यास आपण 'सम्राट' म्हणतों त्यास रात्रीं निजावयास जागा आहे कीं नाहीं याची चौकशी सत्कार करणारे करीत नाहींत, हें कुसुमाग्रजांनीं इतकें स्पष्ट करून ठेविलें असतां त्यांच्याच नांवानें आपण भाषेस सम्राज्ञी म्हणून हार घालतों, आणि त्याच आठवड्यांत कोणती मराठी शाळा पुरेशा मुलांअभावीं बंद होणार याची यादी वाचतों. रेस्तेलोच्या म्हाताऱ्यास आपलाहि एक भाऊबंद आहे, आणि तो मराठी बोलतो.

एका महाविद्यालयांत २७ फेब्रुवारीस विद्यार्थ्यांनीं 'नटसम्राटां'तील प्रवेश करावयाचे ठरविलें होतें. वेळ थोडा, प्रमुख पाहुण्यांस दुसऱ्या सभेस जावयाचें. तेव्हां शेवटचा प्रवेश गाळून पहिलाच तेवढा करावा, म्हणजे प्रसंगास शोभेल, अशी चालकांची सूचना आली. मुलांनीं तसें केलें. प्रवेश उत्तम झाला, बेलवलकरांस हार घातला गेला, टाळ्या पडल्या, आणि पडदा न पाडतांच त्याच टेबलाशीं पाहुण्यांचा सत्कार सुरू झाला.